वीस मण्यांची माळ

मंगळसूत्र गाठवायला बसलेला पटवेकरी आधी काय करतो? दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला, नाहीतर समोरच्या खुंटीला अडकवतो. टोक पक्के झाले की दोन्ही हात मोकळे होतात. मग मणी, वाटी, पुन्हा मणी असे सगळे क्रमाने चढत जाते. टोक सुटे ठेवून माळ ओवायला बसले तर निम्मा वेळ सांडलेले मणी वेचण्यातच जाईल.

ही साधी युक्ती रसायनशास्त्रज्ञांच्या हाती यायला मात्र १९५९ साल उजाडावे लागले. आपल्या शरीरातली प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक माळा. मणी वीसच प्रकारचे, पण त्यांच्या क्रमावर सगळे अवलंबून. रक्तातला हिमोग्लोबिन असो, केसातला केराटिन असो की इन्शुलिन, फरक फक्त मण्यांच्या क्रमाचा आणि लांबीचा. अशा माळेचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड.

असा तुकडा बाटलीत तयार करायचा आणि त्याच्या आधारे सशाच्या किंवा उंदराच्या रक्तात प्रतिपिंडे तयार करून घ्यायची, हे आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालणारे नेहमीचे काम आहे. आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या घराशी काय संबंध? औषधांच्या दुकानात मिळणारी गर्भधारणेची पट्टी आठवा. रक्ताच्या कितीतरी तपासण्या आठवा. त्या सगळ्या प्रतिपिंडांच्या नजरेवर चालतात. ती नजर चुकली तर एखाद्या घरात नसती घबराट उडते, किंवा खरा आजार लपून राहतो. म्हणून हा तुकडा कसा बनतो, त्याच्यावर किती विसंबायचे आणि कुठे थांबायचे, हे जाणून घेण्यासारखे आहे. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी तर याच वाटेने एक मोठा प्रश्न हाती घेतला होता. त्याकडे येऊच.

टोक बांधून ठेवा

अमिनो आम्ले एकमेकांना जोडण्याचा उद्योग जर्मनीच्या एमिल फिशर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आरंभला होता. पण काम फार किचकट. एक मणी जोडला की तयार झालेला पदार्थ द्रावणातून वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, मग पुढचा मणी. दरवेळी थोडा माल वाया जाणार. बाळंतपणात कळा वाढवण्यासाठी वापरतात ते ऑक्सिटोसिन अवघे नऊ मण्यांचे. पण ते अमेरिकेत व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवले तेव्हा केवढा गाजावाजा झाला! १९५५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या ब्रूस मेरिफिल्ड यांना १९५९ मध्ये सुचले, की पहिला मणी एखाद्या न विरघळणाऱ्या वस्तूला घट्ट बांधून टाकला तर? त्यांनी निवडले रेझिनचे मणी. पॉलिस्टायरिन नावाच्या प्लॅस्टिकचे हे गोल कण बारीक रव्याहूनही बारीक असतात. द्रावकात टाकले की पाण्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात आणि रसायने त्यांच्या पोटात शिरतात. प्रत्येक कणाच्या आत असंख्य माळा एकाच वेळी वाढू लागतात. माळ कणाला बांधलेली, कण भांड्याच्या तळाच्या जाळीवर अडकलेला. नको ते सारे द्रावकाने धुऊन खाली सोडून द्यायचे. तांदूळ रोवळीत धुतो तसेच! तांदूळ रोवळीत राहतात, पाणी निघून जाते.

१९६३ मध्ये मेरिफिल्ड यांनी चार मण्यांचे पेप्टाइड या पद्धतीने केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी स्वतःच्या घराच्या तळघरात हे काम आपोआप करणारे यंत्र जुळवले. १९६९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत १२४ मण्यांचे रायबोन्युक्लिएज हे आख्खे प्रथिन बनले. त्यासाठी ३६९ रासायनिक क्रिया आणि ११,९३१ पायऱ्या लागल्या! १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

आज प्रयोगशाळेत चालणारा क्रम साधारण असा असतो. प्रत्येक अमिनो आम्लाच्या एका टोकाला रासायनिक टोपण घातलेले असते, नाहीतर मणी आपापसातच वाटेल तसे चिकटतील. रेझिनवरच्या मण्याचे टोपण पिपेरिडिन नावाच्या द्रवाने काढायचे. धुवायचे. पुढचे अमिनो आम्ल गरजेपेक्षा तीन-चार पट जास्त घालायचे, म्हणजे एकही माळ उपाशी राहू नये. पुन्हा धुवायचे. पुन्हा टोपण काढायचे. गंमत अशी, की आपले शरीर माळ ज्या टोकाकडून गुंफते, त्याच्या उलट टोकाकडून ही माळ गुंफली जाते. शेपटीकडून सुरुवात, डोके शेवटी. सगळे मणी चढले की तीव्र आम्लाने माळ रेझिनपासून सोडवायची आणि गार ईथरमध्ये ओतायची. तळाशी पांढरी भुकटी बसते. तेच आपले पेप्टाइड.

अमेरिकेच्या रिचर्ड हॉटन यांनी १९८५ मध्ये आणखी एक घरगुती वाटावी अशी क्लृप्ती काढली. प्रत्येक पेप्टाइडचे रेझिन चहाच्या पुडीसारख्या छोट्या जाळीदार पिशवीत भरायचे. टोपण काढणे, धुणे ही सगळ्यांची सारखी कामे एकाच भांड्यात आणि मणी जोडण्यापुरत्या पिशव्या वेगवेगळ्या भांड्यांत. असे करून चार आठवड्यांच्या आत तेरा मण्यांची २४८ वेगवेगळी पेप्टाइड्स तयार झाली.

शंभरातली एक चूक

ऐकायला सोपे वाटते, पण यात एक सापळा आहे. माळ रेझिनला बांधलेली असल्यामुळे मधल्या पायरीवर चुकलेली माळ वेगळी काढता येत नाही. बरोबर आणि चूक दोन्ही एकाच कणाला चिकटून पुढे वाढत राहतात.

थोडा हिशेब करू. वीस मण्यांच्या माळेला एकोणीस जोड लागतात. प्रत्येक जोड शंभरात ९९ वेळा बरोबर लागला, तर शेवटी शंभरातल्या साधारण ८३ माळा अचूक निघतील. जोड ९५ वेळा बरोबर लागला तर अचूक माळा ३८ वर येतात. आणि ९० वेळा लागला तर? फक्त १३ किंवा १४! शाळेत ९० टक्के मिळवणाऱ्या मुलाला आपण पेढे वाटतो. इथे तेवढ्यावर सारा माल केराच्या टोपलीत जातो.

म्हणून दर जोडानंतर तपासणी करतात. रेझिनचे चार कण काढून त्यावर निनहायड्रिन टाकायचे आणि गरम करायचे. कण निळे झाले तर समजावे, काही टोके अजून मोकळी आहेत, जोड पुरा झालेला नाही. रंग आला नाही तरच पुढे जायचे. हेच निनहायड्रिन पोलिस कागदावरचे बोटांचे ठसे उमटवायला वापरतात. यंत्रावर काम असले तरी शेवटी माळेचे वजन नेमके तपासून ती ठरल्याप्रमाणेच आहे ना, याची खात्री करावीच लागते. ही खात्री न करता पुढे गेले तर चुकीच्या माळेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि सशाचे, माणसांचे आणि पैशाचे चार महिने फुकट जातात.

पदराचा तुकडा

माळ अचूक बनवली. पण आख्ख्या प्रथिनाऐवजी तुकडा कशाला? आणि तुकडा नेमका कोणता?

पैठणीचे उदाहरण घ्या. मोर विणलेल्या पदराचा चार बोटांचा तुकडा दाखवला तरी जाणती बाई क्षणात सांगेल, ही पैठणी. पण मधल्या साध्या अंगाचा तुकडा दाखवला तर ते कुठलेही रेशीम असू शकते. प्रथिनाचेही तसेच. त्याच्या माळेची घडी घातलेली असते. काही भाग आत दडलेले, काही बाहेर दिसणारे. निवडायचा तो बाहेर असणारा, पाण्याशी सख्य ठेवणारा आणि दुसऱ्या कोणत्याही प्रथिनात न आढळणारा भाग. बहुतेक वेळा माळेची दोन टोके या परीक्षेत उतरतात.

याचे उत्तम उदाहरण गर्भधारणेच्या संप्रेरकात आहे. गर्भ रुजला की एचसीजी नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात आणि लघवीत येते. पण दर महिन्याला बीज सुटण्याआधी वाढणारे एलएच हे संप्रेरक त्याची जणू जुळी बहीणच. आख्ख्या एचसीजीविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे दोघींत गफलत करू शकतात. फरक दिसतो तो शेपटीत. एचसीजीच्या बीटा नावाच्या माळेत १४५ मणी आहेत आणि तिच्या शेवटी असलेली ३७ मण्यांची शेपटी एलएचला नाही. त्या शेपटीविरुद्धचे प्रतिपिंड फक्त एचसीजीलाच धरते. जागतिक आरोग्य संघटनेने याच ३७ मण्यांच्या कृत्रिम पेप्टाइडची गर्भनिरोधक लस करून पाहिली. ऑस्ट्रेलियात आधीच संततिनियमनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांवर तिची पहिली चाचणी झाली आणि १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तुकडा लहान असल्यामुळे आणखी एक अडचण येते. शरीराची संरक्षक यंत्रणा इतक्या छोट्या वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे पेप्टाइडला एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवावे लागते. त्यासाठी पेप्टाइडच्या टोकाला सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल मुद्दाम जोडतात. ते आकड्यासारखे काम करते. मोठे प्रथिन म्हणून घटसर्पाच्या किंवा धनुर्वाताच्या लशीतले निर्विष केलेले प्रथिन वापरतात, नाहीतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका सागरी गोगलगायीच्या निळ्या रक्तातले. ही जोडी सशाला टोचली जाते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, नंतर पुन्हा. मग कानाच्या शिरेतून थोडे रक्त घेऊन त्यातला रक्तद्रव तपासतात. मुक्या जनावराशी गाठ असल्यामुळे प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी.

बंगळूरच्या अंड्याची गोष्ट

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पेप्टाइडशी जुने नाते आहे. प्रथिनाच्या माळेला कुठल्या कोनात वळता येते आणि कुठल्या नाही, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह मद्रासला असताना १९६३ मध्ये मांडला. मेरिफिल्ड यांचे पेप्टाइड प्रसिद्ध झाले तेच साल! पुढे रामचंद्रन बंगळूरला आले आणि १९७१ मध्ये त्यांनी संस्थेत रेणवीय जीवभौतिकीचा विभाग सुरू केला. त्याच विभागात पद्मनाभन बलराम यांनी पेप्टाइडवर कित्येक वर्षे काम केले. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि २००५ ते २०१४ या काळात विज्ञान संस्थेचे संचालक होते.

प्रतिपिंडांची गोष्ट मात्र याच संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागातली. तिची सुरुवात कोंबडीच्या अंड्यापासून होते. अंडे फोडल्यावर पांढऱ्या भागात जी फिकट पिवळसर झाक दिसते, ती रायबोफ्लेविनची, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व अंड्यात वाहून आणणारे एक खास प्रथिन असते. काही कोंबड्यांत जन्मतःच ते बनत नाही. त्यांची अंडी फळतात, पण आतले पिलू तेराव्या दिवसाच्या सुमारास मरते. अंड्यात रायबोफ्लेविन टोचले तर मात्र ते वाचते. म्हणजे नाश होतो तो केवळ शिदोरी न पोहोचल्यामुळे.

पी. आर. अडिग यांनी विचारले, आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत गर्भाला ही शिदोरी कोण पोहोचवते? गाभण उंदरांच्या रक्तात कोंबडीच्या प्रथिनाशी मिळतेजुळते प्रथिन सापडल्याचे त्यांच्या गटाने १९८० मध्ये प्रसिद्ध केले. कोंबडीच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे गाभण मादीला टोचली तर गर्भ टिकत नव्हता. पुढे दक्षिणेत देवळांभोवती दिसणाऱ्या, डोक्यावर टोपीसारखे केस असलेल्या माकडांवर प्रयोग झाले. या प्रथिनाची लस टोचलेल्या माकडिणींत गर्भधारणेला अटकाव होत असल्याचे दिसले. गर्भनिरोधक लशीची शक्यता समोर आली होती.

आता तुकड्याचा प्रश्न आला. कोंबडीचे हे प्रथिन २१९ मण्यांचे. त्याची घडी पूर्ण उलगडून टाकली तरी ते प्रतिपिंडे जागवत होते. याचा अर्थ, ओळख पटवणारी खूण घडीपेक्षा सरळ माळेतच होती. १९९१ मध्ये अंजली कारंडे आणि अडिग यांच्या गटाने दाखवले, की माळेच्या शेपटीकडच्या भागाला धरणारे एकच प्रतिपिंड उंदरांत सुरुवातीची गर्भावस्था थांबवते. मग या प्रथिनाचे चार महत्त्वाचे तुकडे निवडून त्यांच्या पेप्टाइड्सवर काम झाले. शेपटीकडचा २०० ते २१९ हा वीस मण्यांचा तुकडा त्यांतलाच एक. उंदरांच्या माद्यांवरचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १९९७ मध्ये अडिग यांच्या गटाने नर आणि मादी दोघांसाठी अशा लशीचा विचार मांडला होता. संततिनियमनाचे ओझे एकट्या बाईच्या खांद्यावर नको, हा विचार प्रयोगशाळेतही आला होता, याची नोंद घ्यायला हवी.

मग ही लस बाजारात का आली नाही? प्राण्यांत जमलेली गोष्ट माणसात उतरवण्याचा रस्ता लांब आहे. शिवाय या लशींबद्दल १९९० च्या दशकात भारतातल्या आणि बाहेरच्याही स्त्री-संघटनांनी काही खडे प्रश्न विचारले. गोळी बंद करता येते, तांबी काढता येते. पण अंगात एकदा जागवलेली प्रतिपिंडे मनात येईल तेव्हा कशी घालवायची? प्रत्येक बाईच्या शरीरात ती सारख्या प्रमाणात बनत नाहीत, मग कुणाला केव्हापर्यंत संरक्षण आहे हे कसे कळणार? आणि सुई टोचताना तिला सगळे नीट सांगितले जाईल याची हमी कोण देणार? आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण असलेल्या देशात हा शेवटचा प्रश्न पोकळ नव्हता. मुलाची निगराणी जिला करायची आहे, तिच्या होकाराला प्रयोगशाळेतल्या यशाइतकेच वजन असले पाहिजे.

तरी हे काम वाया गेले असे म्हणता येणार नाही. प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे हाताशी होती. त्यांचा उपयोग करून स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात आणि ऊतींत या प्रथिनाचा माग काढण्याचा प्रयत्न याच गटाने केला आणि २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नेहमीची तपासणी म्हणून ती रूढ झालेली नाही. पण एका प्रश्नासाठी घडवलेले हत्यार दुसऱ्या प्रश्नाला लावून पाहता आले.

तुकड्यावर किती विसंबावे?

तुकड्याला मर्यादा आहेत, हे शेतकरी वाचकांना पटेल अशा उदाहरणाने सांगते. जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूचा वीस मण्यांच्या आसपासचा तुकडा १९८२ मध्ये टोचून पाहिला, तेव्हा गिनीपिग वाचले. सगळीकडे आनंद झाला, की आता विषाणू न हाताळता लस बनेल. पण गायीगुरांत तिला आख्ख्या विषाणूच्या लशीची बरोबरी साधली नाही. आपल्याकडे आजही मारलेल्या आख्ख्या विषाणूचीच लस टोचतात आणि तिच्या कामात बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यक संशोधन केंद्राचा जुना वाटा आहे. कारण उघड आहे. विषाणूच्या अंगावर तो तुकडा एका विशिष्ट घडीत बसलेला असतो. बाटलीतला सुटा तुकडा दोऱ्यासारखा वळवळत राहतो. शिवाय विषाणूने त्या जागचे दोन मणी बदलले की ओळख पुसली जाते.

हाच धडा माणसांच्या तपासण्यांतही गिरवला जातो. एचआयव्हीच्या तपासणीत कृत्रिम पेप्टाइडचा उलटा उपयोग करतात. विषाणूचा तुकडा पट्टीवर बसवून रुग्णाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, हे पाहतात. पण एका पट्टीवर रेघ उमटली म्हणून कुणाला रोगी ठरवत नाहीत. लक्षणे नसलेल्या माणसाच्या बाबतीत वेगवेगळ्या घटकांवर आधारलेल्या तीन तपासण्या जुळल्या तरच निदान पक्के करायचे, असा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा नियम आहे. आणि लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर प्रतिपिंडे तयारच झालेली नसतात. तेव्हा पट्टी कोरी राहिली तरी ठरलेल्या मुदतीने पुन्हा तपासावे लागते.

म्हणून घरात कुणाचा रक्ताचा अहवाल अनपेक्षित आला तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पट्टीवरची रेघ म्हणजे एका प्रतिपिंडाने एका छोट्या तुकड्याला ओळखल्याची खूण. ती बहुधा खरी असते, पण ती आख्खी गोष्ट सांगत नाही. दुसरे असे, की डॉक्टरांना "ही तपासणी कशावर आधारली आहे? खात्रीसाठी दुसरी कोणती करायची?" असे विचारण्यात संकोच नको. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. रेझिनवर माळ गुंफणारा संशोधकही दर मण्यानंतर चार कण काढून रंग पाहतो आणि मगच पुढचा मणी घालतो. मग आपल्या माणसाच्या आयुष्याचा प्रश्न असताना आपण एकदा जास्त विचारले, तर कुठे बिघडले?